कालवं चिकटलेले दगड

"माझं सिंहासन चोरीला गेलं!"

गुरुदत्त बंधाऱ्याच्या पायथ्याशी ओल्या वाळूत उभा राहून बोंबलत होता. एका हातात चिंबोऱ्यांची बादली, डोक्यावर वडिलांची कारखान्यातली जुनी टोपी.

"राजे, नीट शोधा," वर दगडावर बसलेली त्याची चुलतबहीण प्रेमलता म्हणाली. "तुमच्याच बुडाखाली असेल."

"चेष्टा नको, लता! तो सपाट दगड गं, हात टेकायला खाच असलेला. दिवाळीच्या सुटीत मी रोज त्याच्यावर बसायचो. आता तिथं खड्डा आहे!"

खड्डा खरंच होता. बर्नार्डने खाली उतरून त्यात हात घातला. कोपरापर्यंत हात गेला आणि ओली वाळू घेऊन बाहेर आला. मग त्याने खड्ड्याच्या वरच्या दगडाला टाचेने ढकललं. दोन माणसांना जेमतेम उचलवेल एवढा तो काळा फत्तर दुधाच्या दातासारखा हलला.

"हा पण हलतोय," बर्नार्ड म्हणाला. "आणि हा. आणि तो बघ, तो तर नुसता अडकून राहिलाय."

त्याची दहा वर्षांची बहीण सुझान हसत होती, ती भावाचं तोंड बघून थांबली.

बर्नार्डला न हसण्याचं कारण होतं. नंदाखाल गावाच्या पुढे, समुद्राच्या अंगाला उंबरभाट नावाची वस्ती आहे. तिच्या अगदी टोकाला, बंधाऱ्याच्या पाठीशी, त्याचं घर होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे बंधारा नव्हता. आषाढातल्या एका उधाणाने घराच्या पायाखालची वाळू खरवडून नेली. घरातले सगळे बाहेर पळाले होते, पण बर्नार्डचे वडील, आग्नेल, जाळं आणायला परत आत गेले. पाया नसलेली भिंत त्यांच्या अंगावर बसली.

त्यानंतर मात्र सरकारला जाग आली. ट्रक आले, साहेब आले, आणि किनाऱ्यावर डबराचा, म्हणजे मोठाल्या फोडलेल्या दगडांचा, लांबच लांब उतार रचला गेला. दगड सिमेंटने जोडले नव्हते. ते मुद्दामच सुटे टाकले होते. भिंतीवर लाट थोबाडीत मारल्यासारखी आपटते. सुट्या दगडांत ती फटीफटींत शिरते, वाटा शोधत दमते आणि मुकाट्याने परत जाते. उंबरभाटातल्या मोठ्या माणसांना मात्र सुटे दगड म्हणजे पडलेले दगड वाटत. आणि पडलेली वस्तू कोणाची, याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीपासून ठरलेलं आहे.

"अमावास्या कधी आहे?" बर्नार्डने विचारलं.

"पुढच्या मंगळवारी," प्रेमलता म्हणाली. "दुपारी साडेबाराला उधाण. बाबा म्हणत होते, यंदा वारा लवकर सुटलाय."

"आई घर सोडणार नाही म्हणते. मागच्या वेळी बाहेर आलो होतो म्हणूनच पप्पा परत आत गेले, असं म्हणते." बर्नार्डने हात झटकले. "आज गुरुवार. पाच दिवस."

*

दगड कोणी नेले याबद्दल वस्तीत दुमत नव्हतं.

"ट्रकवाले!" यशोदाकाकू चहाच्या दुकानातून म्हणाल्या. त्यांना सगळ्याच गोष्टी माहीत असत, झाल्या नसल्या तरी. "सातिवलीकडून येतात ना, तेच. काळीज नाही हो माणसांना! आग्नेलच्या जिवावर आलेले दगड ते!"

प्रेमलताचे वडील दयाराम बाकावर बसून बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान डोलावली. "कलियुग आहे."

योगायोगाने एक ट्रकवाला त्याच वेळी दुकानाबाहेर उभा होता. शत्रुघ्न त्याचं नाव. नव्या रस्त्यासाठी तो सातिवलीकडच्या खाणीतून रोज खडी आणायचा. गुरुदत्तने टोपी सरळ केली, छाती काढली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुम्ही आमच्या बंधाऱ्याचे दगड चोरता का?"

"अरे देवा!" प्रेमलताने कपाळाला हात लावला.

शत्रुघ्न इतका हसला की त्याला ठसका लागला. "ए छोटे, मी दिवसभर दगडाच्या डोंगरात असतो. मला दगड पाहिजे तर मी इथं बारा मैल येऊन, वाळूत उतरून, हातानं एकेक उचलणार? डोकं आहे का टोपीच आहे नुसती?"

"मग कोणी नेले?"

"चल, दाखव."

बंधाऱ्याजवळ येऊन त्याने खड्डे पाहिले, आणि त्याचं हसू गेलं. "हे तर पायाचे काढलेत. सगळ्यात मोठा दगड खाली असतो, कारण वरच्या सगळ्यांचा भार त्याच्यावर. तो काढला की वरच्यांना काढावं लागत नाही. ते आपले आपण येतात. एक मोठं पानी आलं ना, बस." त्याने वस्तीकडे मान वळवली. "आणि ऐक. एवढं वजन माणूस लांब नेत नाही. हातगाडी, फार तर बैलगाडी. चोर चालत येणाराच आहे."

"पण खालचेच का काढले?" बर्नार्डने विचारलं.

"वर चढून दगड काढताना पाय मोडेल. खाली ओहोटीला वाळू कडक असते, गाडी दगडाला भिडते. चोर आळशी आहे, एवढं लिहून घे."

प्रेमलताने खरोखरच लिहून घेतलं. तिच्याकडे गेल्या वर्षीची भूगोलाची वही होती आणि तिची पाठची पानं कोरी होती.

*

शोध सुझानला लागला, तोही तहान लागली म्हणून.

शुक्रवारी सकाळी चौघं दयारामकाकांच्या वाडीत विहिरीवर पाणी प्यायला गेले. सुझानने धुण्याच्या दगडावर पाय ठेवला आणि "आई गं!" करून उचलला. तळव्याला बारीक चीर पडली होती.

"काय लागलं?"

"कालव!" सुझान म्हणाली. "दगडाला कालवं चिकटलीयेत!"

सगळे खाली वाकले. धुण्याच्या दगडाच्या कडेला पांढऱ्या, सुकलेल्या शिंपांच्या खपल्या होत्या. कालवं खाऱ्या पाण्यात दगडाला चिकटून वाढतात. तीही रोज भरती चढते तेवढ्याच उंचीवर. आणि ही विहीर समुद्रापासून चांगली तीनशे पावलं आत, केळीच्या बागेत होती.

 गुरुदत्तने हळूच दगडाच्या उजव्या बाजूला हात फिरवला. खाच होती.

"माझं सिंहासन," तो पुटपुटला.

प्रेमलता लाल झाली. ही विहीर तिच्या घरची होती. ह्याच दगडावर तिची आई रोज तिचा फ्रॉक आपटत होती.

"लता, मला वाटतं..." बर्नार्ड चाचरत म्हणाला.

"काही वाटू देऊ नकोस," ती म्हणाली आणि वहीत पहिलं नाव लिहिलं. वडिलांचं. अक्षर नेहमीपेक्षा जरा वाकडं आलं, एवढंच.

मग दोन दिवस चौघं कालवं शोधत हिंडले. लपाछपी खेळणाऱ्या मुलांना कोणी कुठेही जाऊ देतं, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. यशोदाकाकूंच्या दुकानामागे नऊ दगड सापडले. वैशाखात मुलीचं लग्न झालं, तेव्हा मोठ्या पातेल्यांना तीन चुली लागल्या, एका चुलीला तीन दगड. दगड काजळीने काळे झाले होते, पण काजळीखाली कालवं होतीच.

"ते परत नाही का न्यायचे, काकू?" सुझानने निरागसपणे विचारलं.

"अगं, ज्याच्यावर लग्नाचं अन्न शिजलं तो दगड समुद्रात टाकायचा? पाप लागेल!"

काकूंना पुण्य बसल्या जागी मिळत होतं. बाकीच्यांचीही कारणं तितकीच भक्कम होती. कोणाच्या तुळशीचा कट्टा खचला होता, कोणाच्या गोठ्याचा उंबरा गेला होता, तर कोणाला होडी बांधायला वजन हवं होतं. प्रत्येकाने एकच नेला होता. गंमत अशी की, एकच नेणाऱ्यांच्या घरी दोन-दोन, चार-चार निघत होते. प्रेमलताच्या वहीत शनिवारी संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी दगड झाले. घरं एकतीस. वस्तीत घरंच चौतीस होती.

रात्री जेवताना तिने सरळ विचारलं, "बाबा, विहिरीवरचा दगड बंधाऱ्याचा आहे ना?"

दयारामांनी भातावर आमटी ओढली. "सरकारनं टाकलेला म्हणजे आपलाच की."

"आणि बर्नार्डचं घर?"

"एका दगडानं समुद्र आत येतो होय? भात खा."

*

"सांगून उपयोग नाही," दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमलताने जाहीर केलं. "प्रत्येकजण म्हणणार, आधी त्याला सांगा."

"पोलिसात जाऊ!" गुरुदत्त म्हणाला.

"काय सांगशील? माझ्या काकांना पकडा?"

गुरुदत्त टोपी काढून डोकं खाजवायला लागला. मग एकदम उडाला. "लता! मागच्या वर्षी रस्ता रुंद करताना साहेबांनी नारळांना चुन्याच्या खुणा केल्या होत्या, आठवतं? खूण झाली की झाड गेलं. काका आठ दिवस जेवले नव्हते!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुन्हेगारांच्या चेहऱ्यावर असावा तसा आनंद त्या दोघांच्या चेहऱ्यावर पसरला.

"पण आपण कोणाशी खोटं बोलायचं नाही," प्रेमलता म्हणाली. "एक अक्षरही नाही. फक्त दगडावर पांढरा ठिपका आणि खाली आकडा. पुढचं त्यांचं ते समजून घेतील. मोठ्या माणसांना समजून घ्यायची फार घाई असते."

रविवारी अख्खी वस्ती दुपारी झोपली, आणि चौघं डब्यात चुना घेऊन निघाले. एक, दोन, तीन... बोटांनी खूण, काडीने आकडा. गुरुदत्तच्या बोटांची सालं निघायला लागली, तरी तो थांबला नाही. साठ. सत्तर. त्र्याऐंशी.

"संपले," प्रेमलता म्हणाली.

"नाही," बर्नार्ड म्हणाला. "अजून चार आहेत."

तो पुढे कुठे जातोय ते कोणाला कळेना. तो चर्चमागच्या दफनभूमीत शिरला, कोपऱ्यातल्या कबरीपाशी थांबला. साधा लाकडी क्रूस होता. त्यावर नाव होतं, आग्नेल. मातीच्या ढिगाभोवती चार दगड लावलेले होते, चार कोपऱ्यांना चार. मोठे, चौकोनी. त्यांच्यावर पांढऱ्या खपल्या होत्या.

"आज सकाळी चर्चमध्ये मिसाची प्रार्थना झाल्यावर नीट बघितलं," बर्नार्ड म्हणाला. "आईनंच आणले असणार. वस्तीतली तीन घरं राहिली होती ना वहीत? त्यातलं एक आमचं."

सुझान त्याच्या शर्टाला धरून उभी होती. प्रेमलता म्हणाली, "हे राहू देत, बर्नार्ड. चारानं काय..."

आणि ती मधेच थांबली. काल रात्री हेच वाक्य तिने भाताबरोबर ऐकलं होतं.

बर्नार्डने डबा घेतला. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. शहाऐंशी. सत्त्याऐंशी. शेवटचा आकडा काढताना त्याची नजर क्रूसावर होती, आणि सात उलटा आला.

*

सोमवारी सकाळी उंबरभाटात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

"तुमच्याकडे पण?" यशोदाकाकूंनी हलक्या आवाजात विचारलं.

"काय माझ्याकडे?" दयाराम दचकले. "माझ्याकडे काही नाही!"

"नाही, मी आपलं सहज विचारलं."

"कोण साहेब आला होता म्हणे?"

"तीन होते, जीप घेऊन," ज्या काकूंनी कोणालाच पाहिलं नव्हतं त्या म्हणाल्या. "आकडे टाकलेत. म्हणजे कागदावर सगळं चढलं असणार!"

प्रेमलता शेजारी बसून गोटीसोड्याची बाटली फोडत होती. ती एक अक्षरही बोलली नाही.

दुपारी दोन वाजता, भरती उतरू लागली तेव्हा, दयाराम गोणपाटाखाली काहीतरी झाकून हातगाडी ढकलत निघाले. वाटेत त्यांना यशोदाकाकू भेटल्या. त्यांच्या बैलगाडीत गवत होतं. गवत इतकं जड होतं की चाकं वाळूत रुतत होती.

"कुठे निघालात काकू?"

"बैलाला जरा वारा खायला. आणि तुम्ही?"

"मी पण... वारा."

पुढच्या वळणावर आणखी चारजण वारा खायला निघालेले होते. बंधाऱ्यावर पोचेपर्यंत पंचवीस-तीस माणसं झाली. सगळ्यांच्या गाड्या झाकलेल्या होत्या आणि सगळे समुद्राकडे असे बघत होते, जणू तो आजच तिथे आणून ठेवलाय!

बंधाऱ्यावर निवृत्त शाळामास्तर हरिभाऊ छत्री टेकून उभे होते. अर्ध्या वस्तीला त्यांनीच पाढे शिकवले होते. त्यांनी एकेका गोणपाटावरून नजर फिरवली.

"वा! सगळा वर्ग हजर," ते म्हणाले. "उघडा आता. घाम आलाय बैलांना."

कोणी मान वर केली नाही. दगड धपाधप उतरू लागले. लोक ते वरच्या वर टाकून पळायच्या बेतात होते, तेवढ्यात शत्रुघ्न खांद्यावर पहार घेऊन आला. गुरुदत्तने त्याला रस्त्यावरून ओढून आणलं होतं.

"वर कशाला टाकता? शोभेला?" तो ओरडला. "ओहोटी होतेय. खाली उतरा! मोठा खाली, अणकुचीदार बाजू आत, फटीत छोटा ठोका. बंधाऱ्याचं पोट भरायचंय, डोकं नाही!"

संध्याकाळपर्यंत माणसं चिखलात राबली. दयारामांनी विहिरीवरचा दगड स्वतः खड्ड्यात बसवला. प्रेमलता वरून बघत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

अंधार पडता पडता शत्रुघ्नने पहारीने शेवटची बाजू ठोकून बघितली. बर्नार्डच्या घरामागचीच. "इथं चार कमी. मोठे पाहिजेत. लहानानं भागणार नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी खरंच कोणाकडे काही नव्हतं.

बर्नार्डने मान खाली घातली. आईला सांगायला त्याची जीभ उचलली नाही.

*

मंगळवारी पहाटेची ओहोटी लागली तेव्हा आकाश शिशासारखं होतं. वारा नैऋत्येकडून भरून आला होता. वाळूतून हातगाडीचा करकर आवाज आला. गाडी आग्नेस एकटी ढकलत होती. बर्नार्डची आई. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोसभर चालणारी बाई, पण आज तिचे पाय जड पडत होते.

गाडीत चार दगड होते. एकावरचा सात उलटा होता.

"आई..." बर्नार्ड धावला.

"साहेबांनी मेलेल्या मानसाच्या दगडावर पन आकडा टाकला," ती म्हणाली. "काल दिवसभर रागावले. मग रात्री विचार केला, बरोबर टाकला." तिने पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं होतं, एवढे ट्रक आले ते त्याच्यापायीच. तर चार त्याचे. कोन हिशोब मागनार?"

बंधारा बघायला आलेली माणसं बाजूला झाली. दयारामांनी पुढे होऊन गाडीचा दांडा धरला. शत्रुघ्नने काही न विचारता चार जागा दाखवल्या.

साडेअकराला पाणी पायथ्याला लागलं. बारा वाजता लाटांचा आवाज इतका वाढला की बोलणं ऐकू येईना. आग्नेस घरातच बसून राहिली. मग बर्नार्ड आणि सुझानही तिच्याजवळ जाऊन बसले. प्रेमलता आणि गुरुदत्त दारात उभे राहिले, त्यांना कोणी हाकललं नाही.

एक लाट आली तेव्हा पायाखालची जमीन थरथरली. फेस बंधाऱ्यावरून उडून कौलांवर पडला. दगड दगडावर घासल्याचा कर्रर्र आवाज झाला. सुझानने कान घट्ट दाबले. दुसरी लाट. तिसरी. डाव्या अंगाला, जिथे बंधारा संपतो, तिथून पाणी आत घुसलं आणि दयारामांच्या केळीत गुडघाभर उभं राहिलं. त्यांच्या शंभरेक केळी त्या खाऱ्या पाण्याने पुढे आठवड्यात पिवळ्या पडल्या. घराच्या मागच्या भिंतीखालून मात्र नुसता फेस आला. हाताएवढा. तो जमिनीवर फुसफुसला आणि विरून गेला.

दीड वाजता समुद्र मागे हटायला लागला. आग्नेस उठली आणि तिने चूल पेटवली.

*

संध्याकाळी चावडीपुढे सगळे जमले. बोलणं एकाच गोष्टीवर येत होतं. तो साहेब कोण? दंड कधी येणार?

"साहेब इथंच आहे," हरिभाऊ मास्तर म्हणाले. "गुरुदत्त, हात बघू."

गुरुदत्तने हात मागे घेतले. मग नाइलाजाने पुढे केले. बोटांची सालं गेली होती आणि नखांत अजून पांढरा चुना होता.

लोक त्या बोटांवर वाकले. मग यशोदाकाकू किंचाळल्या, "म्हणजे जीप नव्हतीच?"

"जीप तुम्हीच आणलीत, काकू," प्रेमलता म्हणाली. "आम्ही फक्त आकडे टाकले."

कोणीतरी फुसकन हसलं, आणि मग थांबवता येईना. दयाराम हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "वहीत पहिलं नाव माझं होतं म्हणे," ते म्हणाले. "बरोबर लिहिलंस." मास्तरांनी चौघांना पुढे उभं केलं. ज्या कामाला वस्तीला अक्कल पुरली नाही ते या पोरांनी एका डबा चुन्यात केलं, असं ते खूप काही बोलले. लोकांनी टाळ्याही खूप वाजवल्या. टाळ्या हातगाडीवरून आणाव्या लागत नाहीत. पण मास्तरांनी एक कामाची गोष्ट केली. दर ओहोटीला बंधारा बघायचं काम त्यांनी चार घरांना पाळीपाळीने लावून दिलं, आणि त्याचं पान प्रेमलताच्याच वहीत लिहिलं.

पुढच्या रविवारी मिसा झाल्यावर आग्नेस मुलांना घेऊन दफनभूमीत गेली. कबरीच्या चार कोपऱ्यांना चार चौकोनी खळगे पडले होते. त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं.

"आता पप्पांना कुंपण नाही?" सुझानने विचारलं.

आग्नेसने मेणबत्ती वाऱ्याआड धरून लावली. "आहे ना," ती म्हणाली. "घरामागं. पप्पाच धरून बसलाय ते."

 घरी गेल्यावर बर्नार्ड बंधाऱ्यावर उतरला. ओहोटी होती. चुना केव्हाच धुऊन गेला होता, त्र्याऐंशी काय आणि सत्त्याऐंशी काय, सगळे दगड सारखेच काळे दिसत होते. पण ते चार कुठले, हे त्याला न शोधताच माहीत होतं. त्याने एकेकाला टाचेने ढकलून पाहिलं.

एकही हलला नाही.